पांजणीचा दिवस

पहाटे 5

म्हसवडच्या, घोंगड्या विणणाऱ्या सणगरांच्या घरात दिवस चिंचोक्यांनी उजाडतो. हे चिंचोके भाजून, कुटून, वरचं लाल टरफल काढून रात्रीच पाण्यात टाकलेले असतात. आता ते वाटायचे आणि मोठ्या पातेल्यात शिजवून खळ करायची. वाटायला मिक्सर आला, पण आजींचा त्याच्यावर भरवसा नाही. झाकण काढून दोन बोटांत खळ चोळून बघितल्याशिवाय त्या पातेलं चुलीवर चढवू देत नाहीत. खळ पातळ झाली तर लोकरीचा धागा मागावर पिंजारतो. दाट झाली तर कडक होऊन तटकन तुटतो. प्रमाण कुठं लिहिलेलं नाही. सून विचारते, "बघा की आत्याबाई, झाली का?" आणि आत्याबाई "आजून एक कढ येऊंद्या" म्हणतात.

आश्विन तोंडावर आला आहे, हस्त नक्षत्र लागलंय. माणदेशात पाऊस येतो तो बहुधा आताच, परतीचा. आणि पांजणीला, म्हणजे धाग्यांना खळ लावून वाळवायला, ऊन लागतं. घरातले विणकर अण्णा अंगणात उभे राहून आभाळ बघतात.

सकाळी 6.30

ताणा गल्लीत येतो. घरात एवढी लांबी मावत नाही, म्हणून दोन्ही टोकांना खुंट्या रोवून उभे धागे रस्त्याच्या कडेनं ताणतात. त्यावर खळ शिंपडायची आणि दोघांनी दोन बाजूंनी कुंचे फिरवत चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. कुंचा एकाच दिशेनं फिरवायचा, म्हणजे लोकरीची उभी राहिलेली कुसं धाग्याला चिकटून बसतात. तुटलेला धागा दिसला की तिथंच थांबून, चिमटीत पीळ देऊन जोडायचा. दुधाच्या किटल्या बांधलेली मोटरसायकल येते, वेग कमी करते, वळसा घालून जाते. गल्लीत हॉर्न कुणी वाजवत नाही.

हातमाग म्हटला की फोटो मागावरचाच निघतो. माझ्या मते घोंगडीचं काम निम्म्याहून जास्त या रस्त्यावर आणि त्याच्याही आधी चरख्यावर होऊन गेलेलं असतं.

सकाळी 9

ऊन चांगलं पडलं आहे. ताणा वाळेतो भाकरी, पिठलं, ठेचा.

पडवीत लोकरीची पोती आहेत. धनगर या दिवसांत मेंढरं ओढ्यात धुऊन कातरतात आणि दिवाळीनंतर कळप घेऊन मुलखाबाहेर पडतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुतेक काळी. वर्षाकाठी एका मेंढीमागं किलोभरही निघत नाही. अण्णा एका पोत्यात हात घालतात, मूठभर बाहेर काढतात, दुसऱ्यातलीही काढतात आणि माझ्या दोन्ही तळव्यांवर ठेवतात. एक करकरीत, दुसरी मऊ. मऊ ती जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. ती वेगळी ठेवतात आणि तिची घोंगडी मागणाऱ्याला थांबावं लागतं.

तिसऱ्या पोत्याकडं बघून मात्र अण्णा तोंड वाकडं करतात. तपकिरी-पांढरी, आखूड केसांची ही लोकर नव्या कळपांतली आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, वजनदार, मटणाला भाव देणारी. अंगावर लोकर जेमतेम. धनगरानं ती का पाळू नये? कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नसेल तर तो मटणाचाच हिशेब करणार. अण्णांना हे कळतं. तरी तोंड वाकडं होतंच.

सकाळी 11

माग. जमिनीत कमरेइतका खड्डा, काठावर बसून पाय खाली सोडायचे, पायाशी पावड्या. एक दाबली की निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. मधून धोटा जातो, फणी ओढून आडवा धागा ठोकून बसवायचा. ठोका सैल पडला तर घोंगडीतून वारा जाईल आणि पाणीही. अण्णा बोलत नाहीत, रेडिओही लावत नाहीत. ठोक्याच्या आवाजावरून वीण कळते म्हणतात. काठाचा पांढरा पट्टा सुरू करायच्या आधी ते थांबतात आणि बोटांनी मोजतात.

दुपारी 1

फोन. पुण्याचं गिऱ्हाईक. "अंगाला टोचते का हो?" अण्णा म्हणतात, "टोचतीय की. लोकरच हाय ती." पलीकडे शांतता. मग भाव. मग, रस्त्यावर याच्या चौथाई पैशांत मिळते, हे. रस्त्यावर मिळतं ते बरंचसं पानिपतच्या गिरण्यांतलं ब्लँकेट असतं, जुने लोकरी कपडे फाडून काढलेल्या सुताचं. त्यात वाईट काही नाही, थंडी त्यानंही भागते. त्याला घोंगडी म्हणून विकणं वाईट.

दुपारी 2

पुरुष आडवे होतात. चरखे आता सुरू होतात.

आजी, सून आणि शेजारच्या दोघी पडवीत बसल्या आहेत. पिंजलेल्या लोकरीचा पेळू डाव्या हातात, उजवा हात चाकावर. धागा सारख्या जाडीचा यायला हवा, नाहीतर पुढची सगळी पांजणी फुकट. एका घोंगडीला अडीच-तीन किलो लोकर जाते. ती कातायला एका बाईला चार-पाच दिवस लागतात, विणायला एका माणसाला एक-दोन. मजुरी मात्र विणणाऱ्याची आधी ठरते आणि कातणाऱ्या बाईला वजनावर जे उरेल ते. घरातल्या बाईला तेही नाही. शेजारची मला म्हणते, "आमच्या पोरी आता कांद्याच्या खुरपणीला जात्यात. रोजच्या रोज पैसं." यावर आजी काही बोलत नाहीत, चाकाला तेल घालतात.

दुपारी 4

चहा आणि पेपर. पहिल्याच पानावर मथळा: धनगर आरक्षणाचं भिजत घोंगडं. सून मोठ्यानं वाचते. धनगर आणि धनगड एकच का, हा वाद कोर्टापर्यंत जाऊन आला, तरी मथळा तोच. ओलं घोंगडं दगडासारखं जड होतं आणि चार-चार दिवस वाळत नाही, हे ज्यानं अंगावर वागवलं त्याला सांगावं लागत नाही. वाक्प्रचार तिथूनच आला असणार. या घरात मात्र घोंगडं मुद्दाम भिजवतात. मागावरून उतरलं की पाण्यात घालून तुडवतात, म्हणजे वीण आवळते.

तेवढ्यात एका पक्षाचे दोन कार्यकर्ते येतात. गावात घोंगडी बैठक आहे, नेते जमिनीवर बसणार आहेत, फोटोला चांगल्या दिसतील अशा आठ-दहा घोंगड्या हव्यात.

"विकत?"

"नाही अण्णा, संध्याकाळपुरत्या. परत आणून देतो."

"मागच्या टायमाला दोन कमी आल्या."

"त्या वेळी आम्ही दुसऱ्या पक्षात होतो."

अण्णा हसतात, पण घोंगड्या देत नाहीत. सतरंजीवर बसा म्हणतात.

संध्याकाळी 5.30

आभाळ भरून येतं. पडवीतून सगळे एकदम उठतात. वाळलेला ताणा गुंडाळायचा, खुंट्या उपटायच्या, लोकर आत ओढायची. पाच मिनिटांत गल्ली रिकामी.

पावसात गिऱ्हाईक येतं. एकाला गुरुचरित्राच्या पारायणाला बसायला आसन हवंय, शिवण नसलेलं. एक वाघ्या आहे, त्याला जागरणात तळी भरताना खाली अंथरायला काळीच घोंगडी पाहिजे, पट्टासुद्धा नको. आरेवाडीच्या बिरोबाला जाणारे असतात, पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाणारे असतात. रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) या ग्रंथात पंढरीच्या देवाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. मी ते सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "त्यात शोधायचं काय? कांबळं खांद्यावर हायच की त्याच्या."

रात्री 7.30

पाऊस उघडतो. म्हातारे धनगर तात्या येतात. त्यांचा व्यवहार जुना आहे: लोकर त्यांची, मेहनत यांची, तयार होईल त्यातलं निम्मं ज्याचं त्याचं. अण्णा नवी घोंगडी उलगडतात. तात्या ती उजेडाकडं धरून बघतात, काठ ओढून बघतात, मग चौघांना चार कोपरे धरायला लावतात. मधे खोलगट झालेल्या जागी तांब्याभर पाणी ओततात. सगळे खाली वाकून बघत राहतात. पाणी वरच थांबतं.

"जमलीय," तात्या म्हणतात. "दुसरीला लोकर उद्या धाडतो."

"काळी धाडा तात्या. माडग्याळी घातली तर अशीच पाणी धरंल म्हणू नका."

"काळी मेंढरं किती ऱ्हायली, म्हाईत हाय का तुला?"

"किती?"

तात्या पाणी झटकतात, घोंगडी खांद्यावर टाकतात आणि आकडा न सांगता वाटणीत घासाघीस सुरू करतात.