चटईवरचा तरवा आणि लावणीचे यंत्र

कोकणातील शेतकरी राब भाजून भाताच्या रोपांचा जो तरवा वाढवतो, तो उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात वाकून लावण्याचे कष्ट बहुतांशी स्त्रियांच्याच पाठीवर पडतात. म्हणून यांत्रिक लावणीचा प्रश्न मला केवळ मजुरीच्या बचतीचा वाटत नाही. तथापि लावणीच्या यंत्रास तसला सुटा तरवा उपयोगी पडत नाही. त्यासाठी चाळलेली माती आणि कुजलेले खत यांचा सुमारे २ सेंटिमीटर जाडीचा थर प्लास्टिकच्या कागदावर अथवा ट्रेमध्ये पसरून, त्यावर मोड आलेले बी इतके दाट व समप्रमाणात पेरण्याची तजवीज करावी लागते की, १५ ते २० दिवसांत मुळे परस्परांत गुंतून अखंड चटई सिद्ध व्हावी. कारण यंत्राची बोटे त्या चटईचाच लहानसा तुकडा तोडून चिखलात रोवतात, आणि बी जेथे विरळ पडले असेल तेथे शेतातली जागाही रिकामी राहते. लावणीपूर्वी चिखल एखादा दिवस निवळू द्यावा व पाणी उथळ राखावे, अन्यथा रोपे तरंगतात. जपानी बनावटीच्या बहुतेक यंत्रांत दोन ओळींमधील अंतर ३० सेंटिमीटर कायम असते. डोंगरउतारावरील चिंचोळ्या खाचरांत मोठे यंत्र वळवणे दुष्कर असल्याने, तेथे मागून चालत हाकण्याचे चार ओळींचे लहान यंत्रच सोयीचे पडते.