सहा कोंबड्यांचं खुराडं : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

खुराडं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्वस्तात कितीत होईल?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सांगाडा, दार, अंडी घालायच्या पेट्या जुन्या सामानातून करा, पण जाळी आणि पाया यांत हात आखडू नका. कोंबड्या जाण्याची दोन मोठी कारणं म्हणजे ऊन आणि मुंगूस-मांजर. खुराडं या दोघांसाठीच बांधायचं असतं.

मी जयपूरला सिविल लाइंसमध्ये राहतो. इथे जुन्या बंगल्यांची आवारं मोठी, झाडं भरपूर, त्यामुळे मुंगुसंही भरपूर. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत एका घरी चारी बाजूंनी पत्रा ठोकलेल्या पेटीत पाच कोंबड्या होत्या. एका दुपारीच पाचही गेल्या.

असं का होतं? कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, एवढाच तिचा इलाज. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवाच त्याहून तापली की नुसत्या वाऱ्याने ती थंड होत नाही. सावली आणि पाण्याचा ओलावा लागतोच.

आता मापं. सहा कोंबड्यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी ६ फूट लांब, ४ फूट रुंद जागा पुरे. म्हणजे एकीला ४ चौरस फूट. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः आखूड बाजूंवर पडतं. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजू जाळीच्या, पश्चिमेची भिंत मात्र बंद. छपराची उंची एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ५, आणि पत्रा चारी बाजूंनी दीड फूट बाहेर.

सांगाड्याला भंगारवाल्याकडचे लोखंडी अँगल घ्या. लाकूड स्वस्त वाटतं, पण इथे वाळवी ते टिकू देत नाही. खांब दीड फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये. आंधी आली की हलकं खुराडं जागेवरून उठतं.

जाळी घेताना दोन प्रकार दिसतील. षटकोनी तारेची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि लहान मुंगूस भोकातून शिरू शकतं. अर्धा इंची वेल्डमेश घ्या. तिचा खालचा एक फूट भाग जमिनीवर बाहेरच्या दिशेने दुमडा आणि त्यावर दगडी पट्ट्यांचे तुकडे ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीच्या कडेलाच उकरतो आणि जाळीवर अडतो. इथे घरांच्या छतांना दगडी पट्ट्या घालतात, त्यामुळे बांधकामाच्या जागी तुटके तुकडे सहज मिळतात. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि खिटी लावा.

छप्पर भरीव हवं, जाळीचं नको. डिसेंबर २०२० च्या अखेरीस झालावाडमध्ये कावळे मेले आणि त्यांच्यात बर्ड फ्लू सापडला. पुढच्याच महिन्यात जयपूरच्या जलमहालापाशीही मेलेले कावळे आढळले. रानपाखरांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडू नये म्हणून दोन्ही भांडी छपराखालीच ठेवा. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या आणि वर बाजरीच्या कडब्याचा थर बांधा. लू वाहते तेव्हा वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. पावसाळ्यात ते काढा, कारण दमट हवेत उलटा त्रास होतो.

आत बसायला दांडी हवी. जमिनीपासून दोन फुटांवर, दीड-दोन इंच जाड, कडा घासून गोल केलेली. एकीला ८ ते १० इंच जागा लागते, म्हणजे ६ फुटी एक दांडी पुरते. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाची प्रतापधन किंवा हैदराबादची वनराजा अशी वजनदार कोंबडी असेल तर दांडी दीड फुटावर घ्या, नाहीतर उडी मारताना पाय दुखावतात. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदी-उंचीच्या दोन पेट्या बास, पण त्या दांडीपेक्षा खाली. उंच पेटीत कोंबड्या झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमिनीवर तीन-चार इंच लाकडाचा भुसा किंवा शेंगांची कुटलेली टरफलं पसरा. आठवड्यातून दोनदा खालीवर करा, ओला झालेला भाग लगेच काढा.

थंडीत उत्तरेकडे गोणपाट सोडा, पण वरचं सहा इंच उघडंच ठेवा. कोंबडी कोरडी थंडी सोसते, कोंडलेली हवा सोसत नाही.

कोकण-गोव्यातल्या मंडळींनी दोन बदल करावेत. जोतं दीड फूट उंच घ्यावं आणि छपराला जास्त उतार द्यावा. जाळीचा नियम तोच.

आणि शेजाऱ्यांचा विचार आधी करा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो नसला की पहाटेची बांग नाही. आपल्या नगरपालिकेचा नियमही बांधण्यापूर्वी विचारून घ्या.

खुराडं तयार झालं की दोन वेळा तपासा. भर दुपारी दांडीच्या उंचीवर हात धरून पाहा, छपराची झळ लागली तर कडबा वाढवा. पहाटे दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साठतोय, भुसा बदला आणि वरची फट मोठी करा. दुपारच्या तपासणीत पास झालं की मगच पक्षी आणा, पहाटेची तपासणी पक्षी आल्यावर करा. पुढच्या भागात दाणा-पाणी आणि राणीखेतची लस.