अंगणवाडी आणि पालकांचा वाटा

औंध संस्थानाने १९३९ साली गावकारभार गावकऱ्यांच्या हाती सोपविला. त्या प्रयोगाचे कौतुक आपण आजही करतो. मात्र अंगणवाडीशी अनेक पालकांचा संबंध मूल सोडण्या-नेण्यापुरताच उरतो. गावच्या लेकरांचा कारभार गावचा नव्हे काय?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, खडे वापरले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथे साहित्यही घरचे आणि संवादही घरचाच होता.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातील आहार व सेविकेचे मानधन ही शासनाचीच जबाबदारी होय. तिची तूट पालकांच्या देणगीतून भरून काढणे सर्वथा गैर ठरेल. परंतु चिंचोके, रिकामे डबे, पाठकोरे कागद घरोघरी असतात. ते कशासाठी हवेत हे सेविकेने आधी सांगावे आणि त्यांचे काय झाले हे मागाहून दाखवावे. देणाऱ्यांची यादी मात्र फळ्यावर लावू नये. न देणाऱ्याचे मूल ती यादी प्रथम वाचते. ज्याच्या घरी देण्याजोगे काही नाही, त्याने कुंपण बांधावे. आजीने गोष्ट सांगावी.

संवादाविना मागितलेली वस्तू ही वर्गणी ठरते. विश्वासाने दिलेला मूठभर चिंचोक्यांचा वाटा हाच खरा सहभाग.