कार्ताहेना : एका दिवसाची फेरी

श्रोतेहो, एखादें शहर एका दिवसांत पाहून होतें काय, असें कोणी विचारल्यास प्रामाणिक उत्तर 'नाहीं' असेंच द्यावें लागेल. तथापि प्रवाशाच्या गांठीं बहुधा एकच दिवस असतो. आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणीं यात्रेकरू उतरला म्हणजे क्षेत्रोपाध्ये त्याला हातीं धरतात. ते जें दाखवितात तें आपण पाहतों, आणि ते जें सांगतात तेंच घरीं येऊन इतरांना सांगतों. परदेशांतील वाटाड्याचेंहि तसेंच आहे. आज अशाच एका वाटाड्याच्या मागून आपण कॅरिबियन समुद्राच्या कांठचें कार्ताहेना हें शहर फिरून पाहूं, आणि त्याच्या सांगण्यांत आपण पदरचें काय घालावें, याचाहि थोडा विचार करूं.

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत कोलंबिया हा देश आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर हें शहर वसलें आहे. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानें १५३३ सालीं, तेथील मूळच्या लोकांच्या कालामारी नांवाच्या वस्तीच्या जागीं, त्याची स्थापना केली. स्पेनांत याच नांवाचें एक प्राचीन बंदर असल्यामुळें यास 'इंडीजचें कार्ताहेना' असें म्हणूं लागले. हें 'इंडीज' म्हणजे आपला देश नव्हे. कोलंबसाच्या चुकीमुळें अमेरिकेस जें नांव चिकटलें तें हें. एरेदियाबरोबर कातालिना नांवाची एक मूळनिवासी स्त्री होती. लहानपणींच स्पॅनिश लोकांनीं तिला पकडून नेलें होतें, आणि पुढें आपल्याच मुलखांत परक्यांची दुभाषी म्हणून तिला परत यावें लागलें. शहराची पहिली वाटाडी म्हणावयाची तर तीच. आज तिचा पुतळा तेथें उभा आहे. दुभाष्याचा हा धागा आपण ध्यानांत ठेवूं. दिवसभराच्या फेरींत तो पुन्हां हातीं येणार आहे.

फेरीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. कित्येक प्रवासी मोठ्या जहाजांतून सकाळीं मांगा बेटावरच्या धक्क्यास उतरतात आणि सायंकाळीं त्याच जहाजानें निघून जातात. त्यांना मोटारींतून किंवा 'चिवा' नांवाच्या, दोन्ही बाजूंनीं उघड्या व भडक रंगांच्या लांकडी बसमधून आधीं टेकडीवर, मग किल्ल्यावर आणि शेवटीं पायीं जुन्या गांवांत नेतात. हवा आपल्या कोंकणासारखी दमट, आणि पारा वर्षभर ३० अंशांच्या आसपास. म्हणून चढाचें काम सकाळींच उरकावें हें उत्तम. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत वारा असतो व पाऊस नसतो. आक्टोबर-नोव्हेंबरांत मात्र छत्रीवांचून गत्यंतर नाहीं. कोलंबियांत वाटाड्यास सरकारी परवाना लागतो. तो पाहून घेण्यांत संकोच मानूं नये.

पहिला मुक्काम ला पोपा ही टेकडी. तिची उंची सुमारे १५० मीटर. स्पॅनिश भाषेंत 'पोपा' म्हणजे जहाजाची पिछाडी. दुरून टेकडीचा आकार तसा भासतो म्हणून हें नांव. माथ्यावर सतराव्या शतकाच्या आरंभींचा ऑगस्टीनपंथी साधूंचा मठ आहे. मठ सुरेख आहे, परंतु येथें यावयाचें तें मुख्यतः खालीं पाहण्यासाठीं. येथून साऱ्या शहराचें मर्म एका दृष्टिक्षेपांत उलगडतें. डावीउजवीकडे पसरलेली ती विस्तीर्ण खाडी म्हणजे गलबतांचा सुरक्षित निवारा. तींत शिरावयास समुद्राकडून दोन वाटा : शहराजवळची रुंद ती बोकाग्रांदे, म्हणजे मोठें तोंड, आणि दक्षिणेची अरुंद ती बोकाचिका, म्हणजे लहान तोंड. दोन दारें राखण्यापेक्षां एक राखणें सोपें, असा हिशेब करून स्पॅनिश इंजिनिअरांनीं १७७१ ते १७७८ या काळांत मोठें तोंड पाण्याखालून दगडी बांध घालून बुजविलें. शत्रूला मग लहान तोंडांतूनच, दोन्ही अंगच्या तोफांखालून, यावें लागे. आजचीं प्रचंड जहाजेंहि त्या बोकाचिकांतूनच आंत येतात. अडीचशें वर्षांपूर्वीं केलेली योजना अजून नाविकांना मार्ग आंखून देते, हें पाहून त्या इंजिनिअरांचें कौतुक वाटतें.

एवढी राखण कशासाठीं? पेरूच्या खाणींतली चांदी पनामाच्या संयोगभूमीवरून या समुद्रास येई, आणि ती स्पेनला नेणारीं गलबतें कार्ताहेनास थांबत. धन तेथें चोर. १५८६ सालीं इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक यानें शहर घेतलें, अनेक घरें जाळलीं आणि उरलेलीं वांचविण्यासाठीं भली मोठी खंडणी उकळली. त्यानंतर तटबंदीचें काम नेटानें सुरू झालें, तें १७९६ सालीं पुरें झालें. दोनशें वर्षांहून अधिक काळ एक शहर आपल्या भोंवतीं भिंत बांधीत राहिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

टेकडी उतरून आपण सान फेलिपे दे बाराहास या किल्ल्याशीं येतों. येथें वाटाड्याच्या वाणीस भरतें येतें. १७४१ सालीं इंग्रज अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन लहानमोठीं सुमारे १८० जहाजें आणि २५,००० च्या आसपास माणसें घेऊन आला. आंत लढणारे तीनचार हजार. त्यांचा आरमारी नायक ब्लास दे लेसो. त्यानें पूर्वीच्या लढायांत एक पाय व एक डोळा गमावलेला, आणि त्याचा एक हात अधू. व्हर्ननला विजयाची इतकी खात्री होती, कीं लेसो त्याच्यापुढें गुडघे टेकीत आहे अशीं पदकें इंग्लंडांत आधींच पाडण्यांत आलीं. प्रत्यक्षांत किल्ल्यावरचा हल्ला फसला आणि इंग्रज माघारी गेले. या मोहिमेंत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र वडील बंधु लॉरेन्स होता. त्यानेंच पुढें आपल्या वाडीस व्हर्ननचें नांव दिलें.

गोष्ट खरी आहे, आणि रंगून सांगण्याजोगीहि आहे. पण तींत दोन गोष्टींची भर घालावी. एक म्हणजे, आज आपल्यासमोर जो किल्ला उभा आहे त्याचा बहुतेक भाग १७४१ त नव्हताच. त्या वेळीं टेकडीच्या माथ्यावर लहानसा कोट होता. हे उतरते तट, एकाहून एक वरचढ मोर्चे आणि पोटांतले भुयारी मार्ग आंतोनियो दे आरेवालो या इंजिनिअरानें १७६२ पासून वाढविले. त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे : खालचा मोर्चा शत्रूच्या हातीं गेलाच, तर वरच्या मोर्चाच्या तोफा त्यावर आग ओततील अशी रचना आहे. भुयारांत दूरच्या माणसाचें पाऊलहि ऐकूं येतें, म्हणून शत्रूची चाहूल आधींच लागे. दुसरी गोष्ट म्हणजे, लेसोचा पराक्रम मोठा खरा, परंतु इंग्रजांचीं माणसें तोफांपेक्षां पिवळ्या तापानें अधिक मेलीं. तो ताप डासांमुळें पसरतो, हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. पुतळा सेनापतीचा उभारतात. डासाचा कोण उभारणार?

दुपारीं आपण घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या वेशींतून जुन्या गांवांत शिरतों. पिवळ्या, तांबड्या, निळ्या भिंती, लांकडी सज्जे आणि त्यांवरून ओथंबणाऱ्या बोगनवेली पाहून डोळे निवतात. वेशीच्या आंत लागलीच एक त्रिकोणी चौक आहे. त्याच्या कडेच्या कमानींखालीं नारळाच्या वड्या आणि गुळासाखरेचे नानाविध जिन्नस मांडलेले असतात. खोबऱ्याची वडी येथेंहि भेटावी, याचें आपल्या माणसास मोठें अगत्य वाटतें. पण वडी तोंडांत टाकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. याच चौकांत एके काळीं माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेंतून जहाजांच्या तळाशीं साखळदंडांनीं जखडून आणलेलीं माणसें येथें उभीं करून विकीत. स्पॅनिश अमेरिकेंत गुलाम उतरविण्याचें हें एक प्रमुख बंदर होतें. ज्या तटावरून आपण सूर्यास्त पाहणार, त्याचा पोंवळ्याचा दगड फोडून वाहून आणणाऱ्यांत कैदी व मजूर होते, तसेच हे गुलामहि होते. समुद्रावरून येणाऱ्या चोरांविरुद्ध भिंत बांधली गेली ती अशा लोकांच्या हातांनीं, कीं जे स्वतःच समुद्रावरून चोरून आणलेले होते.

चौकाजवळ पाचूंचीं दुकानें आहेत, आणि वाटाडा आपणांस तेथें हमखास नेतो. खरेदी करावी न करावी हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण त्या हिरव्या खड्याशीं आपला जुना ऋणानुबंध आहे. कोलंबियाच्या डोंगरांतले पाचू या बंदरांतून युरोपास जात. तेथून पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातांतून गोव्यास येत, आणि गोव्याहून मोगलांच्या जामदारखान्यांत पोंचत. मोगल बादशहांच्या शिरपेंचांतले कित्येक पाचू याच धक्क्यावरून निघालेले आहेत. आंबा मात्र उलट वाटेनें गेला. आज तेथें तो मीठ-लिंबू लावून रस्तोरस्तीं विकतात.

जवळच इन्क्विझिशनचा वाडा आहे. धर्मद्रोहाची चौकशी करणारें हें न्यायासन येथें १६१० सालीं स्थापन झालें. बाजूच्या भिंतींतली एक लहान खिडकी दाखवितात. निनांवी चुगली तेथून करीत, असें सांगतात. गोव्यांत असेंच न्यायासन १५६० पासून चालत होतें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या खिडकीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

त्याच साली, म्हणजे १६१० त, पेद्रो क्लावेर नांवाचा एक तरुण जेझुइट स्पेनहून येथें आला. गुलामांचें जहाज लागलें म्हणजे तो पाणी, फळें व औषधें घेऊन त्याच्या तळघरांत उतरे. 'गुलामांचा कायमचा गुलाम' अशी तो आपली सही करी. १६५४ त तो वारला आणि १८८८ सालीं पोपनें त्यास संतपद दिलें. त्याच्या नांवाच्या देवळांत वेदीखालीं कांचेच्या पेटींत त्याच्या अस्थि आहेत. वाटाडा येथें टोपी काढतो, आणि तें योग्यच आहे.

परंतु येथेंच आपला दुभाष्याचा धागा पुन्हां हातीं येतो. आफ्रिकेच्या नाना भाषा बोलणाऱ्या त्या लोकांशीं क्लावेर बोलत असे तो दुभाष्यांच्या द्वारें. आणि हे दुभाषे मठानें विकत घेतलेले गुलामच होते. क्लावेरच्या मृत्यूनंतर त्याच्या साधुत्वाची चौकशी झाली, तेव्हां त्यांच्या साक्षी लिहून घेतल्या गेल्या. आंगोलाच्या आंद्रेस साकाबूचे याची साक्ष त्यांत आहे. जहाजांच्या तळघरांत काय होतें, तें आज आपणांस कळतें तें बव्हंशीं या गुलाम दुभाष्यांच्या तोंडून. संताला देऊळ मिळालें. ज्यांच्या जिभेनें तो बोलला त्यांचीं नांवें फेरींत क्वचितच निघतात. श्रोत्यांपैकीं कोणी तेथें गेल्यास त्यानें वाटाड्यास या दुभाष्यांविषयीं अवश्य विचारावें.

गुलामांपैकीं सर्वच निमूट राहिले नाहींत. बेन्कोस बिओहो याच्या पुढारीपणाखालीं कांहीं जण पळून दलदलीपलीकडे गेले. त्याला १६२१ त पकडून फांशीं दिलें. पण पळालेल्यांचीं गांवें टिकलीं. त्यांतलें सान बासिलिओ दे पालेंके हें गांव शहरापासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे, आणि तेथील लोक स्पॅनिश व आफ्रिकन शब्दांच्या मिश्रणांतून बनलेली स्वतःची भाषा अजून बोलतात. जुन्या गांवाच्या चौकांत डोकीवर फळांची पाटी घेतलेल्या, पिवळ्या-निळ्या-तांबड्या झग्यांतल्या ज्या स्त्रिया दिसतात, त्या या गांवच्या. प्रवासी त्यांचीं छायाचित्रें काढतात. काढावींत, पण आधीं विचारून, आणि मोबदला देऊन. शक्य तर फळहि विकत घ्यावें, कारण त्यांचा मूळ धंदा फळें विकण्याचा आहे, शोभेसाठीं उभें राहण्याचा नव्हे.

दिवस कलतांना तटाबाहेरच्या हेत्सेमानी या वस्तींत जावें. हा कारागिरांचा आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांचा मोहल्ला. ११ नोव्हेंबर १८११ रोजीं पेद्रो रोमेरो या कारागिराच्या मागें येथलीच माणसें सभागृहावर चालून गेलीं, आणि नगरप्रमुखांना स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर करणें भाग पाडलें. चार वर्षांनीं, १८१५ त, स्पॅनिश सेनापति मोरियो यानें शहरास शंभराहून अधिक दिवस वेढा दिला. उपासमारीनें व रोगानें हजारों माणसें मेलीं. जी भिंत परक्यांस बाहेर ठेवण्यासाठीं बांधली, तिनेंच आपल्या लोकांस आंत कोंडलें. 'वीरनगरी' हें बिरुद शहरास मिळालें तें या दिवसांमुळें. गुलामगिरी मात्र कायद्यानें उठली ती १८५१ सालीं. म्हणजे स्वातंत्र्यासाठीं उठलेल्यांच्या जातभाईंना स्वतःच्या स्वातंत्र्यासाठीं आणखी ४० वर्षें वाट पाहावी लागली. आज हेत्सेमानींतलीं घरें पाहुण्यांच्या हॉटेलांसाठीं विकलीं जात आहेत, भाडीं चढत आहेत, आणि जुने रहिवासी गांवाबाहेर जात आहेत. प्रवाशानें हें लक्षांत घ्यावें. कारण आपल्या येण्याचाहि त्यांत थोडा वांटा असतो.

शेवटीं तटावर येऊन बसावें. समोर कॅरिबियन समुद्रांत सूर्य बुडत असतो, डावीकडे बोकाग्रांदेच्या उंच इमारतींत दिवे लागत असतात. तेथील सखल रस्त्यांवर भरतीचें पाणी आतां वरचेवर चढतें. या शत्रूपुढें तोफा चालावयाच्या नाहींत.

श्रोतेहो, एका दिवसांत शहर पाहून होत नाहीं हें खरें. पण तीन प्रश्न सोबत नेले तर तो दिवस वायां जात नाहीं : हें कोणीं बांधलें, कोणाच्या भीतीनें बांधलें, आणि ही हकीकत आपणांस कोण सांगत आहे? चांगला वाटाडा अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट त्याची कळी खुलते. कारण कातालिनेपासून आजपर्यंत या शहराचा इतिहास दुभाष्यांच्या तोंडून आलेला आहे, आणि तोहि त्यांच्यांतलाच एक आहे.