मुंबई-न्यूयॉर्क : किलोमीटर ठरलेले, तास बदलते

मुलगा-सून अमेरिकेत असली की घरोघरी विमानप्रवासाचे हिशेब मांडले जातात. त्यातले काही ठाम समज पक्के चुकीचे असतात.

गैरसमज : नकाशावर सरळ रेघ ओढली की तोच सर्वांत जवळचा मार्ग.
वस्तुस्थिती : भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात अशी रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरियावरून अटलांटिक ओलांडते आणि भरते सुमारे 14,200 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो मध्य आशिया, रशिया, आइसलँडवरून जातो. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळची वाट वळसा घेतल्यासारखी दिसते.

गैरसमज : विमान नेमके तेवढेच अंतर कापते.
वस्तुस्थिती : 12,500 हा भूगोलाचा आकडा आहे, प्रत्यक्ष मार्ग वारा, हवामान आणि राजकारण पाहून ठरतो. 2022 साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावाच लागतो. वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात.

गैरसमज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपणहून समोर येते, जाताना वेळ कमी लागायला हवा.
वस्तुस्थिती : मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,575 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते, पण तिच्यासोबत हवाही फिरते आणि त्या हवेतले विमानही. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान वारे जाताना विमानाला अडवतात, येताना ढकलतात. म्हणून परतीचा प्रवास सहसा तासाभराने तरी लवकर संपतो. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून 5 तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. एरवी या प्रवासाला 7 तासांच्या आसपास लागतात.

गैरसमज : रात्री 2 ला निघाले, सकाळी 8 ला उतरले, म्हणजे 6 तासांचा प्रवास.
वस्तुस्थिती : तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. 6 मध्ये ते मिळवले की खरा प्रवास निघतो साडेपंधरा तासांचा. नोव्हेंबरात तिथली घड्याळे तासभर मागे घेतात, मार्चमध्ये पुन्हा पुढे करतात. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो, म्हणजे तिकिटावर ह्याच वेळा असतील तर प्रवास साडेसोळा तासांचा.

गैरसमज : अंतराला वेगाने भागले की वेळ मिळाली.
वस्तुस्थिती : ताशी 900 किलोमीटरने हिशेब केला तर उत्तर 14 तासांच्या आत येते. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, उड्डाणासाठीची रांग, चढण-उतरणीतला कमी वेग आणि समोरचा वारा हे सगळे त्यातच धरलेले असते.

तेव्हा तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नये. एकूण प्रवासकाल किती दिला आहे ते पाहावे. आणि विमानतळावर कुणाला आणायला जायचे असेल, तर पोहोचण्याच्या वेळेसोबत तारीखही वाचावी. न्यूयॉर्कहून दुपारी निघालेला माणूस मुंबईत दुसऱ्या दिवशी उतरतो.