बॅगेतला एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवा

कोपरखैरणे स्टेशनवरून वाशी, वाशीहून हार्बरने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. नवी मुंबईतल्या बोनकोड्याहून मुंबईचे क्रूझ टर्मिनल इतके जवळ आहे. 2021च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हापासून नवी मुंबईच्या गावठाणांत काय आणि सोसायट्यांत काय, क्रूझला जाऊन आलेली घरे सहज सापडतात. चौघांचे कुटुंब निघाले की बॅगेत चार फोन, एक-दोन स्मार्टवॉच, इअरबड, पोरांचा टॅब, एखादा लॅपटॉप आणि पॉवर बँक असतेच. केबिनमध्ये मात्र टेबलापाशी सॉकेट एक किंवा दोन. म्हणून घरातला जाणता माणूस टीव्हीमागचा चांगला, महागाचा स्पाइक गार्ड काढून सोबत घेतो. चढण्यापूर्वी बॅगा एक्स-रेतून जातात आणि नेमकी तीच वस्तू बाजूला काढली जाते. मग तक्रार सुरू होते: आम्ही तर सुरक्षेची वस्तू आणली होती, उलट तीच काढून घेतली.

गैरसमजांची सुरुवात इथेच होते, आणि सगळ्यांत धोक्याचा गैरसमजही हाच आहे.

“स्पाइक गार्ड लावला की जास्त सुरक्षित”

घरी हे खरे आहे. बोनकोड्यातल्या घरात महावितरणची वीज येते तेव्हा तिच्या दोन तारांपैकी एकच ‘गरम’ असते. ती फेज. दुसरी, म्हणजे न्यूट्रल, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणूनच टेस्टर सॉकेटच्या एका भोकात पेटतो, दुसऱ्यात पेटत नाही. तिसरे, मोठे भोक अर्थिंगचे. स्पाइक गार्डच्या पोटात झिंक ऑक्साइडच्या छोट्या चकत्या असतात. विजेचा दाब ठरलेल्या मर्यादेत असेपर्यंत त्या प्रवाह अडवून धरतात. दाब एकदम उसळला की त्या क्षणभर वाहू लागतात आणि जादा वीज न्यूट्रलकडे किंवा अर्थिंगमधून जमिनीत जाते. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा टीव्ही वाचतो तो यामुळे. हा सगळा बेत आखलेला आहे तो एक तार जमिनीशी बांधलेली आहे हे धरून.

जहाजाला जमीन नाही, पोलादी सांगाडा आहे. अनेक जहाजांत विजेची एकही तार त्या सांगाड्याला मुद्दाम जोडलेली नसते, म्हणजे दोन्ही तारा गरम. 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये प्रत्येक तार सांगाड्याच्या तुलनेत साधारण 115 व्होल्टवर असते. अशी रचना करण्यामागे पक्का विचार आहे. घरी फेज अर्थला टेकली की एमसीबी पडतो आणि आपण अंधारात बसतो. भर समुद्रात, वादळात, सुकाणू फिरवणारी मोटर अशी पहिल्याच बिघाडाला बंद पडून चालत नाही. म्हणून जहाजावर एक तार कुठे सांगाड्याला टेकली तरी वीजपुरवठा चालू राहतो. इंजिन कंट्रोल रूममध्ये फक्त इशारा मिळतो आणि विद्युत अधिकारी बिघाड शोधायला निघतो.

आता या व्यवस्थेत आपला स्पाइक गार्ड बसवून पाहा. जहाजात कुठेतरी, आपल्या केबिनपासून दूर, एका तारेचे इन्सुलेशन गेले आणि ती सांगाड्याला टेकली, की त्याच क्षणी दुसऱ्या तारेचा सांगाड्याशी असलेला दाब जवळजवळ दुप्पट होतो. बिघाड ठिणग्या मारणारा असेल तर दाब मधूनमधून त्याहूनही बराच वर उसळतो. चकत्यांना वाटते स्पाइक आला. त्या वाहू लागतात आणि प्रवाह सांगाड्याकडे जातो. घरी असा उसळता दाब सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता असतो. जहाजावर बिघाड सापडेपर्यंत, म्हणजे तासन्‌तास, ही स्थिती टिकू शकते, आणि पुरवठा तर बंद पडणारच नसतो. चकत्या तापतात, भोवतालचे प्लास्टिक वितळते. त्यात आणखी एक अडचण आहे. घरगुती बोर्डाचा खटका किंवा ट्रिप बटण बहुधा एकच तार तोडते. घरी तेवढे पुरते. जहाजावर दुसरी तारही गरम असल्यामुळे बटण पडले तरी प्रवाहाला वाट उरलेली असते.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2013 मध्ये याच विषयावर सुरक्षा इशारा काढला. एका जहाजावर कर्मचाऱ्यांच्या केबिनमध्ये घरगुती सर्ज प्रोटेक्टरमुळे, म्हणजे स्पाइक गार्डमुळेच, आग लागता लागता राहिली होती, तीही दोनदा. सगळ्या जहाजांचे वायरिंग एकसारखे नसते, काही ठिकाणी केबिनचा पुरवठा वेगळ्या पद्धतीने केलेला असतो. पण सॉकेटकडे पाहून प्रवाशाला ते कळण्याचा मार्ग नाही. म्हणून सरसकट मनाई, आणि मला ती पूर्णपणे योग्य वाटते. नवी मुंबईत ‘शिपवर’ असणारी माणसे खूप आहेत. नेरूळला टी. एस. चाणक्य आणि न्हाव्याला टी. एस. रहमान या प्रशिक्षण संस्था इथल्याच. ओळखीत कुणी ईटीओ, म्हणजे जहाजावरचा विद्युत अधिकारी, असेल तर त्याला विचारा. इन्सुलेशनचा बिघाड शोधण्यात गेलेल्या रात्री तो सांगेल.

“मग साधा, सर्ज नसलेला बोर्ड चालेल”

पूर्वी अनेक कंपन्या चालवून घेत. आता तेही कमी होत चालले आहे. रॉयल कॅरिबियनने 2024च्या सप्टेंबरात एकाचे अनेक सॉकेट करणाऱ्या सगळ्याच बोर्डांवर आणि मल्टिप्लगवर बंदी घातली. यूएसबी हबला मात्र मुभा ठेवली. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते आणि बदलत राहते. ती तिकिटासोबत येते, आणि बॅग भरण्याआधी ती वाचणे हाच एकमेव भरवशाचा उपाय आहे. आपला बोर्ड सर्जवाला आहे का हे ओळखायचे असेल तर मागचे लेबल पाहा. ‘सर्ज’, ‘स्पाइक’, ‘ज्यूल’ यांपैकी शब्द दिसला किंवा ‘प्रोटेक्टेड’ लिहिलेला दिवा असला, तर तो जहाजावर न्यायचा नाही.

बऱ्याच जणांना वाटते की ही बंदी भार वाढू नये म्हणून आहे. हिशेब करून पाहा. चार फोन प्रत्येकी 20 वॅट आणि एक लॅपटॉप 65 वॅट, सगळे मिळून 145 वॅट. एका हेअर ड्रायरला यापेक्षा कितीतरी जास्त लागतात. चार्जिंगचा भार सॉकेटला सहज पेलतो. भीती आहे ती बोर्डाच्या पोटातल्या वस्तूंची, सैल जोडांची आणि गादीखाली दबलेल्या वायरीची.

उपाय साधा आहे: तीन-चार यूएसबी पोर्ट असलेला एकच चांगला चार्जर. हल्ली गॅलियम नायट्राइडचे, मुठीत मावणारे 65 किंवा 100 वॅटचे चार्जर मिळतात. एकाच सॉकेटवर लॅपटॉप आणि तीन फोन होतात. पोर्ट वाढले की वॅट वाटले जातात, त्यामुळे लॅपटॉप थोडा हळू भरेल, इतकेच. घेताना त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. आपल्याकडे चार्जर आणि पॉवर बँक या दोघांनाही ही नोंदणी सक्तीची आहे. फुटपाथवरच्या बिननावाच्या चार्जरवर तो क्रमांक नसतो, किंवा असला तरी खरा असेलच असे नाही.

“तिथे 110 व्होल्ट असतात, आपला चार्जर जळेल”

जळणार नाही. चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा: 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे जवळजवळ सगळे चार्जर या पट्ट्यात आपोआप जुळवून घेतात. ‘एम्प्रेस’ हे 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेले जहाज. अमेरिकी प्रवाशांसाठी बांधलेल्या अशा जहाजांत चपट्या पिनांचे 110 व्होल्टचे आणि गोल पिनांचे 220 व्होल्टचे असे दोन्ही सॉकेट बऱ्याचदा असतात. आपला टू-पिन फोन चार्जर युरोपीय सॉकेटमध्ये सहसा बसतो. लॅपटॉपची जाड थ्री-पिन बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर लागतो.

आणि अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तो फक्त पिनांचा आकार बदलतो. चार्जरच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, पण ज्यांत कॉइल तापते अशा वस्तूंत फरक मोठा पडतो. 230 व्होल्टची किटली 110वर लावली तर तिला चौथ्या भागाहूनही कमी ताकद मिळते. उलट, अमेरिकेतून आलेल्या मुलीने आपला 110 व्होल्टचा केस सरळ करायचा चिमटा 220च्या सॉकेटमध्ये घातला, तर त्यात चौपट वीज शिरते आणि तो हातातच पेटू शकतो. तशीही किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड या वस्तू क्रूझवर नेता येत नाहीत. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी हवे असेल तर केबिनच्या कर्मचाऱ्याला सांगावे, ते आणून देतात. झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागणाऱ्यांनी मात्र बुकिंग करतानाच कळवावे. पलंगाजवळ सॉकेट नसेल तर जहाजाकडूनच योग्य वायर मिळण्याची सोय अनेक कंपन्या करतात.

“रात्रभर चार्जिंगला लावले की बॅटरी फुटते”

धड बॅटरी फुटत नाही. भरली की आतले सर्किट प्रवाह थांबवते. धोका असतो तो फुगलेल्या, पडून आत दुखावलेल्या बॅटरीचा, आणि उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून उष्णता कोंडलेल्या फोनचा. जहाजावर हे जास्त मनावर घ्यायला हवे, कारण तिथे अग्निशमन दल येत नाही. कर्मचारीच आग विझवतात, आणि प्रवासी बाहेर पडून रस्त्यावर उभे राहू शकत नाहीत.

या संदर्भात ‘कन्सेप्शन’ या बोटीचे नाव नेहमी घेतले जाते आणि अर्धवट सांगितले जाते. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ बेटाजवळ ही स्कूबा डायव्हिंगची बोट जळाली. खालच्या मजल्यावर झोपलेले 34 जण मेले. वरच्या दालनात रात्रभर फोन, टॉर्च आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या, त्यामुळे ‘चार्जरने आग लावली’ असे पसरले. तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेला आगीचे मूळ ठामपणे ठरवता आले नाही. ठामपणे सांगता आले ते हे, की रात्री गस्त घालणारे कुणी जागे नव्हते. त्यासाठी कप्तानाला पुढे तुरुंगवास झाला. पण दुर्घटनेनंतर काही दिवसांतच तिथल्या तटरक्षक दलाने लिथियम बॅटऱ्या नजरेआड चार्ज करण्यावर आणि पॉवर स्ट्रिपच्या बेसुमार वापरावर मर्यादा घालण्याची सूचना दिली. मोठ्या क्रूझ जहाजावर गस्त, धूरशोधक आणि पाण्याचे फवारे असतात, म्हणून दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. तरी जेवायला जाताना चार्जर काढून ठेवावा, आणि रात्री फोन मोकळ्या टेबलावर ठेवावा.

केबिनच्या कार्डाच्या खाचेत दुसरे एखादे कार्ड अडकवून मागे चार्जिंग चालू ठेवण्याची युक्ती सांगणारेही भेटतात. ती करू नये. कुणी नसताना वीज बंद राहावी हाच त्या खाचेचा हेतू असतो.

“लिथियमच्या आगीवर पाणी टाकू नये”

हा समज लिथियम धातूवरून आला आहे. फोनच्या बॅटरीत तो धातूच्या रूपात नसतो. तिथे मुख्य काम असते बॅटरी थंड करण्याचे, नाहीतर विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेते. विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही पेटलेल्या फोनवर पाणी किंवा तसेच दुसरे पेय ओतायलाच शिकवतात. अट एवढीच, की वस्तू सॉकेटला जोडलेली नको. केबिनमध्ये मात्र शूरपणा नको. फोन फुगला, फुसफुसू लागला, धूर आला की सगळ्यांनी बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि कर्मचाऱ्यांना कळवायचे. तो धूर विषारी असतो.

समुद्राचे पाणी ही वेगळी गोष्ट. डेकवर खारे तुषार उडतात आणि चार्जिंगच्या भोकात ओल जाते. स्क्रीनवर ओलाव्याची सूचना आली तर फोन पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. खाऱ्या ओलीत वीज गेली की पिना झपाट्याने गंजतात.

“देशातलीच फेरी, सिम चालेलच”

किनारा दिसतो तोवर चालेल. पुढे फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. शिवाय जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क पकडले गेले तर त्याचे दर वेगळे आणि फार महाग असतात. किनारा सुटला की फ्लाइट मोड लावून ठेवलेला फोन बराच जास्त टिकतो, आणि सॉकेटसाठीची भांडणेही तेवढी कमी होतात.

“पॉवर बँकवर बंदी आहे”

क्रूझवर सहसा नाही, पण यादी पाहून घ्या. अडचण होते ती गोव्यात उतरून विमानाने परतणाऱ्यांची. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची, आणि मर्यादा 100 वॅट-अवर. 20,000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टने गुणली की 74 वॅट-अवर होते, म्हणजे चालते. 27,000 एमएएच म्हणजे जवळपास 100, अगदी काठावर. क्षमतेचा छापील आकडा पुसला गेलेली पॉवर बँक विमानतळावर अडवली जाऊ शकते, म्हणून निघण्याआधीच तो वाचता येतो का ते पाहा.