जुन्या जीपची गिअरपेटी व तिचें तेल

पावसाळा सरून खरिपाचा माल घरीं येऊं लागला, म्हणजे छपरांत उभी असलेली जुनी जीप पुन्हा कामास लागते. बैल जुंपण्यापूर्वीं आपण त्याचा खांदा व खूर पाहतों. परंतु गाडीच्या पोटाखालीं वांकून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. इंजिनांतील तेल मोजण्यास सळई असते, म्हणून तें पाहिलें जातें. जीपच्या गिअरपेटीस तशी सळई नाहीं. बाजूस एक बूच तेवढें आहे, आणि तें कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षें उघडलेंच जात नाहीं. या हयगयीचें फळ आम्हीं स्वतः चाखलें आहे.

गतवर्षीं सोयाबीनच्या गोण्या भरलेली आमची जीप चढावर हँडब्रेक ओढून उभी केली असतां ती हळूहळू मागें सरूं लागली. गड्यानें प्रसंगावधान राखून चाकामागें धोंडा लावला म्हणून अनर्थ टळला. खालीं पाहिलें तों हँडब्रेकचा ढोल तेलानें माखलेला! विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्यें हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून, गिअरपेटीच्या पाठीशीं जोडलेल्या ट्रान्सफर-पेटीच्या मागील दांड्यावर असतो. तेथील सील गळूं लागलें कीं तेल थेट ब्रेकवर जातें. म्हणजे एकाच गळतीनें पेटी कोरडी पडते आणि ब्रेकही निकामी होतो.

१९४५ सालीं विलीज कंपनीनें लष्करी जीपवरून सी. जे. २ ए ही नागरी जीप काढली, ती शेतकऱ्यांस डोळ्यांपुढें ठेवूनच. तिच्या गिअरपेटींत तेल खेळविणारा पंप नाहीं. खालचीं दंतचक्रें तेलांत बुडून फिरतात व तेंच तेल वर उडवितात. त्यावर वरचीं चक्रें व बेअरिंगें जगतात. तेलाची पातळी उतरली म्हणजे प्रथम वरच्या भागाची उपासमार होते. पेटी घोंघावूं लागते. पण आवाज कानीं येईपर्यंत झीज होऊन गेलेली असते.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी; उतारावर पातळी खोटी दिसते. केवळ हँडब्रेकवर विसंबूं नये, चाकांस पुढूनमागून दगड लावावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. गाडी चालून आली असल्यास तेल खालीं बसण्यास थोडा वेळ द्यावा. बुचाभोंवतालचा चिखल खरडून, पुसून काढावा. नाहींतर तीच माती पेटींत जाते. मग बूच काढून करंगळी आंत वांकवावी. छिद्राच्या खालच्या काठाशीं तेल लागलें तर पातळी बरोबर आहे. कमी असल्यास पिचकारीनें सावकाश भरावें व काठावरून ओघळूं लागतांच थांबावें. जास्त भरल्यास सिलांवर ताण येऊन गळती वाढते. ट्रान्सफर-पेटीचें बूचही त्याच वेळीं पाहावें, कारण एका पेटींतील तेल दुसरींत जाऊं शकतें. बूच बसवितांना अतिरेकी जोर करूं नये. पेटी बिडाची असते.

तेल बदलावयाचें असल्यास गाडी चालवून तें गरम असतांना काढावें. मात्र आधीं वरचें भरण्याचें बूच सुटतें कीं नाहीं हें पाहून मगच खालचें सोडावें. खालून तेल गेलें आणि वरचें बूच गंजून बसलें, तर गाडी जागींच खिळते! निघालेलें तेल परातींत घेऊन उजेडांत पाहावें. दुधाळ असल्यास ओढ्यानाल्यांतून जातांना पाणी शिरलें असें समजावें. सोनेरी चमक दिसल्यास पितळी कडीं झिजत आहेत. पोलादाचे कण बोटांस लागल्यास जाणत्या मिस्त्रीस दाखवावें. हें तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गिअर-ऑइलच्या डब्यावर ९० किंवा ८०-९० हा घट्टपणाचा अंक असतो, आणि जी. एल. ४ वा जी. एल. ५ असा वर्गही असतो. पुष्कळ मंडळी केवळ अंक पाहतात. जी. एल. ५ मध्यें भारी दाब सोसण्याकरितां गंधकयुक्त द्रव्यें अधिक असतात; तीं मागील आंसाच्या चक्रांस उपकारक, परंतु जुन्या गिअरपेटींतील पितळी कड्यांस बाधक ठरूं शकतात. शिवाय फार निसरड्या तेलांत हीं कडीं नीट धरत नाहींत व गिअर पडतांना करकरतो. म्हणून गिअरपेटीस जी. एल. ४ व आंसास जी. एल. ५ असे दोन डबे निराळे ठेवावे. एकाच डब्यांतून दोहोंकडे ओतण्याची चाल सोडावी.

आम्हीं नवें सील बसवून ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या, तेव्हां कोठें जीप चढावर उभी राहूं लागली. आतां दर महिन्यास, आणि ओढ्याच्या पाण्यांतून गाडी काढल्यावर लागलीच, दोन्ही बुचें उघडून पाहतों. भरल्या गाडीमागें माणूस उभा असतो, हें ध्यानांत ठेवल्यास या कामाचा कंटाळा येत नाहीं.